तिसऱ्या रविवारी नाव वाचलं नाही

तुम्ही त्याला अकरा वर्षं ठेवून घेतलंत आणि चार ओळींत परत केलंत. चार ओळी, खाली सही, सहीवर शिक्का. कारण लिहायला जागा नव्हती असं नाही, निम्म्याहून जास्त कागद कोरा होता. तुम्ही ते लिहिलं नाहीत. तुम्हाला वाटलं असेल, न लिहिणं ही सभ्यता आहे, एखाद्याची अब्रू झाकणं आहे. झाकलं काहीच गेलं नाही. त्या कोऱ्या जागेत एका घरातली चार माणसं आपापला गुन्हा लिहीत बसली. ते कसं, ते ऐका. तुम्हाला ऐकायला वेळ नसतो हे ठाऊक आहे, तरी ऐका.

घर चुनाभट्टीच्या कामगारांच्या लायनीतलं, दोन खोल्यांचं. बाप भट्टी रचणारा. खाली कोळसा, वर दगड, पुन्हा कोळसा, पुन्हा दगड, असं चार माणसं उंच रचत जायचं आणि मधून वाऱ्याला वाट ठेवायची. वाट चुकली की निम्मा दगड कच्चा राहतो. त्याची चुकत नसे. आई दगड फोडायची, मुठीएवढा करून पाटीत भरायची. तीस वर्षांत तिच्या अंगठ्याचं नख दोनदा मुळापासून गेलं आणि दोन्ही वेळा वाकडं आलं. थोरली मुलगी नवऱ्याला सोडून परत आलेली, ती पोती शिवायची. आणि धाकटा तुमच्याकडे.

लायनीत त्याला सोळाव्या वर्षापासूनच ‘फादर’ म्हणत. आधी चेष्टेनं, मग सवयीनं, मग खरोखर.

आई शाळेत गेली नव्हती, पण त्याच्या शिक्षणाच्या पायऱ्या तिला तोंडपाठ होत्या. पहिली दोन वर्षं लहान सेमिनरी, धर्मगुरू घडवायची शाळा. तेव्हा प्रत्येक कपड्यावर सत्तेचाळीस नंबर शिवून द्यायचा होता, चड्डीवरसुद्धा. मग एक वर्ष नुसतं प्रार्थनेचं आणि गप्प राहायचं. त्या वर्षात तीन महिन्यांनी एक पत्र यायचं, तेही कोणीतरी आधी वाचलेलं. मग तीन वर्षं तत्त्वज्ञान. ‘त्यात काय शिकवतात रे?’ असं तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला, ‘समोर जे आहे ते खरंच आहे कशावरून, ते.’ ती थोरलीला म्हणाली, ‘एवढ्यासाठी तीन वर्षं? भट्टीत हात घालून बघा म्हणावं, लगेच कळेल.’ मग दोन वर्षं सेवेची, कुठल्या तरी लांबच्या वसतिगृहात पोरांना शिकवायचं, आजाऱ्यांपाशी बसायचं. आणि शेवटी ईश्वरविद्या, चार वर्षं. त्यात तिसरं वर्ष संपताना डीकन, म्हणजे धर्मगुरूच्या आधीची पायरी, आणि चौथं संपताना धर्मगुरू.

पांढरा झगा मिळाला त्या दिवसापासून ती त्याला ‘अहो’ म्हणायला लागली.

‘आई, अगं मी तोच आहे.’

‘असाल,’ ती म्हणाली, ‘पण शर्ट तो नाही ना.’

डीकन व्हायच्या आधी तुमच्याकडे चौकशी होते. तीन रविवार चर्चमध्ये नाव वाचतात. या उमेदवाराच्या आड येईल असं काही कोणाला ठाऊक असेल, तर देवाला स्मरून ते कळवावं, असं सांगतात. शिवाय धर्मग्रामाचे मुख्य फादर घरी येऊन अर्ज भरून नेतात. ते आले तेव्हा बाप भट्टीवर होता आणि थोरली पोत्यांवर. आईने घरातली एकुलती एक खुर्ची पदराने दोनदा पुसली. तिसऱ्यांदा पुसायला गेली तेव्हा फादर आधीच बसले होते.

‘मुलाला हे बोलावणं कधीपासून आहे असं तुम्हाला वाटतं?’ त्यांनी विचारलं.

‘कसलं बोलावणं?’

‘देवाचं. धर्मगुरू व्हायचं.’

आईला हसू आलं. इतका सोपा प्रश्न येईल असं तिला वाटलं नव्हतं. ‘चार वर्षांचा होता तेव्हापासून, फादर. त्याला झटके यायचे.’

‘फिट्स?’

‘तेच ते. एका आठवड्यात तीन. डोळे पांढरे, दात घट्ट. भट्टी पेटलेली, हे वर अडकलेले, दवाखाना इथून कुठल्या कुठे. मी उचलला आणि आपल्या चर्चच्या पायरीवर नेऊन ठेवला. म्हटलं, हा आजपासून तुझा. वाचव आणि घेऊन जा. त्यानंतर आजतागायत एक झटका नाही.’

‘औषध काय दिलं होतं?’

‘दिलं ना, त्यानेच दिलं,’ आईने वर बोट केलं.

फादर लिहीत होते. लिहिता लिहिता त्यांचा पेन थांबला. ‘आणि तुम्ही देवाला असा शब्द दिला होता, हे मुलाला माहीत होतं?’

‘न सांगून कसं चालेल? कळायला लागल्यापासून सांगत आले. झाडावर चढला, पडला, गुडघे फोडून आला की सांगायचे, जपून राहा, तू आमचा नाहीस. दहावीला म्हणाला होता, गॅरेजमध्ये शिकायला जातो. मी एक दिवस जेवले नाही. मग आपण होऊन म्हणाला, जातो सेमिनरीत.’

‘आपण होऊन,’ फादर म्हणाले.

‘हो, अगदी आपण होऊन.’

फादरनी कागद उलटून मागच्या बाजूला लिहिलं. आईचा ऊर भरून आला. दुसऱ्यांच्या पोरांचं एका बाजूत मावत असेल, आपल्याचं मावेना. तिने चहा पुन्हा ओतला, त्यांनी तो अर्धा ठेवला. ते गेल्यावर तिने कोणाला काही सांगितलं नाही. स्वतःच्या तोंडाने मोठेपणा कशाला मिरवायचा?

पहिल्या रविवारी नाव वाचलं. बापाने मान खाली घातली, कारण लोक बघत होते. दुसऱ्या रविवारी वाचलं तेव्हा तो मान वर ठेवायला शिकला होता. तिसऱ्या रविवारी तिघंही पुढच्या बाकावर बसली. मिस्सा संपत आली, फादर सूचना वाचायला उभे राहिले. गायकमंडळींचा सराव बुधवारी होता. आवारातली वाळू कोणीतरी नेत होतं, ते थांबवायचं होतं. एक चाव्यांचा जुडगा सापडला होता. मग फादरनी वही मिटली आणि आशीर्वाद दिला.

‘विसरले,’ बाप हळूच म्हणाला.

‘चाव्या विसरले नाहीत ते,’ थोरली म्हणाली.

बाहेर पायऱ्यांवर रेशनवाल्याची बायको आईच्या दंडाला हात लावून म्हणाली, ‘पुढच्या रविवारी वाचतील हो.’ त्या हात लावण्यातच आईला सगळं कळलं. मयताच्या घरी असाच हात लावतात.

मंगळवारी भर दुपारी तो ट्रंक घेऊन आला. झगा नव्हता. निळा शर्ट होता, खांद्यात आखूड झालेला, कॉलरच्या आत नंबर शिवलेला. आई दारात दगडाची पाटी रिकामी करत होती.

‘या,’ ती म्हणाली. मग म्हणाली, ‘ये.’ मग दोन्हीतलं काहीच न म्हणता तिने ट्रंकेची एक कडी धरली.

त्याने आणलेलं पत्र बापाने थोरलीकडून दोनदा वाचून घेतलं. उमेदवाराच्या संदर्भात सर्व बाबींचा प्रार्थनापूर्वक विचार करण्यात आला आहे. त्यास पुढील टप्प्यासाठी पाठवणे योग्य वाटत नाही. हा निर्णय अंतिम आहे. देव त्याच्या पुढील मार्गावर त्याच्याबरोबर असो.

‘म्हणजे काय केलंस?’ बापाने विचारलं.

‘माहीत नाही, बाबा.’

‘विचारलं नाहीस?’

‘विचारलं. सेमिनरीचे रेक्टर म्हणाले, हे कोणा एका गोष्टीमुळे नसतं. मी म्हटलं, मग दोन गोष्टी सांगा. ते म्हणाले, यातच तुझा अहंकार दिसतो.’

गुरुवारी बाप त्याला घेऊन भट्टीवर गेला. मुकादमाला लायनीत शिट्टी म्हणत, कारण तो माणसांना नावाने हाक मारत नसे, शिट्टी मारत असे. बाप त्याच्यासमोर उभा राहिला. तीस वर्षांत त्याने शिट्टीकडे कधी काही मागितलं नव्हतं, त्यामुळे कसं मागतात हे त्याला येत नव्हतं.

‘याला बघा काहीतरी,’ तो म्हणाला.

शिट्टीने धाकट्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘या फादर. भट्टीला आशीर्वाद द्यायला आलात की कोळसा उचलायला?’

‘कोळसा,’ धाकटा म्हणाला.

‘कोळसा नाही झेपायचा. हात बघू. अरे वा, हे तर पुस्तकातले हात. बायकांत बसवा याला, दगड फोडू दे.’

तो बायकांत बसला, आईच्या शेजारी. हातोडा कसा धरायचा तेही विसरला होता. मधोमध धरायचा, मग दगड फुटायच्या ऐवजी उडायचा. ‘शेवटाला धर,’ आई म्हणाली, ‘आणि दगडाची शीर बघून मार.’ बायकांतली एक म्हातारी म्हणाली, ‘फादर, आता आलाच आहात तर माझी पापं ऐकून घ्या. इथे बसल्या बसल्या होऊन जाईल.’ सगळ्या हसल्या. तोही हसला. आईच्या हातातला दगड निसटून तिच्या पायावर पडला.

दुपारपर्यंत त्याच्या तळहाताला फोड आले, संध्याकाळपर्यंत फुटले. दुसऱ्या दिवशी तो फडकं गुंडाळून बसला. तिसऱ्या दिवशी फडकं सालटाला चिकटलं.

असे दोन आठवडे गेले. मग अवेळी आभाळ आलं. भट्टी त्याच दिवशी रिकामी होत होती. भाजलेला कोरा चुना पोत्यांत भरून उघड्यावर रचलेला, वर ताडपत्री. कोऱ्या चुन्याला पाणी लागलं की तो तापतो, फुगतो, पोतं फाडून बाहेर येतो. भट्टीवरचा माणूस आगीला भीत नाही तेवढा अशा पावसाला भितो. पहिले थेंब पडले आणि मुकादमाची शिट्टी वाजली. बाप, धाकटा, झाडून सगळे पोती शेडमध्ये ओढायला लागले. ताडपत्रीला एका कोपऱ्यात भोक होतं. त्याच्या खालचं पोतं आतून वाफ सोडत होतं. ज्याला ठाऊक होतं तो त्याला हात लावत नव्हता. धाकट्याला ठाऊक नव्हतं. त्याने ते मिठी मारून उचललं. पोतं पोटाशी फाटलं.

आई धावत आली. ‘पाणी नको, आधी झटक, झटक,’ म्हणत तिने त्याचा शर्ट फाडून काढला, कोरड्या फडक्याने छाती, मान, हात झाडले. मग त्याला पिंपापाशी ओढला आणि पाणी ओतत राहिली. शिट्टी लांबून म्हणाला, ‘फाटलेलं पोतं कोणाच्या नावावर?’ बापाने पुढचं पोतं पाठीवर घेतलं.

घरी आणल्यावर आईने वाटीत गोडंतेल घेतलं आणि त्याच्या तळहातांना लावायला बसली. तळहात लाल, मधून सोललेले. त्याने दोन्ही हात तिच्यापुढे पसरले होते.

‘आई, पुढच्या वर्षी धर्मगुरू करताना बिशप असंच तेल लावणार होते,’ तो म्हणाला. ‘असेच हात पसरायचे असतात. मग वरून फडकं बांधतात. तुझं काम बरोबर चाललंय.’

‘गप्प बस,’ थोरली म्हणाली. ती कोपऱ्यात सुई ओवत होती, दोरा सुईत जात नव्हता. तिने सुई खाली ठेवली. ‘माझ्यामुळे झालं हे. नवरा सोडून आलेली बहीण घरात. तुमच्या अर्जात घरच्यांचं विचारतात की नाही?’

‘विचारतात.’

‘मग झालं तर. कुठेतरी निघून गेले असते तर आज तू डीकन असतास.’

‘तुझं काही नाही त्यात,’ बाप म्हणाला. तो दारात बसून पायाच्या भेगांतला चुना काडीने काढत होता. ‘चर्च रंगवलं तेव्हा फादर म्हणाले होते, चुना कच्चा दिलात. मी चारचौघांत म्हटलं, चुना पक्का आहे, तुमचा रंगारी कच्चा आहे. लोक हसले. तो माणूस ते विसरला असेल असं वाटतं तुला?’

‘बाबा, चुन्यावरून कोणाला काढत नाहीत.’

‘मग कशावरून काढतात?’

धाकटा तळहातांकडे बघत म्हणाला, ‘मी रेक्टरना एकदा सांगितलं होतं की प्रार्थनेला बसलो की मला काहीच ऐकू येत नाही. कधीच आलेलं नाही. ते म्हणाले, खरं बोललास, बरं वाटलं. बहुतेक तेच.’

तिघांनी आपापलं सांगून टाकलं. आई तेल चोळत राहिली. वाटीतलं तेल संपलं होतं तरी तिचा अंगठा फिरत राहिला. ‘आई, दुखतंय,’ तो म्हणाला, तेव्हा तिने हात काढला.

दुसऱ्या दिवशी तिने कामाला दांडी मारली आणि फादरांच्या ऑफिसात गेली. ऑफिसात पंखा होता, टेबलावर काच होती, काचेखाली कॅलेंडर. तिला बसायला सांगितलं, ती उभी राहिली.

‘मी तुम्हाला झटक्यांचं सांगितलं होतं,’ ती म्हणाली. ‘आणि शब्द दिल्याचं. त्यामुळे झालं का?’

‘बाई, असं एका वाक्यावर काही ठरत नाही.’

‘मग माझ्यामुळे नाही, असं समजू?’

‘असंही म्हणता येणार नाही. हे सगळं गोपनीय असतं. तुम्ही काय सांगितलंत, दुसऱ्यांनी काय सांगितलं, हे आम्ही कोणाला सांगत नाही. तुमच्याच भल्यासाठी.’

‘मला माझंच सांगा. मी काय बोलले ते मला माहीत आहे. त्याचं तुम्ही काय केलंत ते सांगा.’

फादर वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले. ‘अहो, त्याने आता नोकरी बघावी, लग्न करावं. देवाने त्याच्यासाठी दुसरं काहीतरी ठरवलं असेल.’

‘देवाला तर मी तो देऊन टाकला होता,’ आई म्हणाली. ‘दिलेलं परत आलं. आता मी त्याचं काय करायचं ते सांगा. पुन्हा झटके आले तर कोणाच्या पायरीवर नेऊन ठेवू?’

फादरनी घड्याळाकडे पाहिलं. बाहेर बाप्तिस्म्याच्या दाखल्यासाठी दोन माणसं थांबली होती. आई बाहेर पडताना त्यांतल्या एकाने तिला विचारलं, ‘फादर चांगल्या मूडमध्ये आहेत ना?’ ती म्हणाली, ‘हो, चांगल्या आहेत.’

तिने धाकट्याला सांगितलं ते दगडाच्या ढिगापाशी. बायका पाणी प्यायला गेल्या होत्या. तिने सगळं सांगितलं, झटके, पायरी, गॅरेज, ती एक दिवस जेवली नाही ते, आणि फादरनी लिहून घेतलं ते. सांगताना ती हातोडा मारत होती, कारण हात रिकामा ठेवून हे सांगणं तिला जमलं नसतं.

तो ऐकत होता. मग म्हणाला, ‘मलाही विचारलं होतं. दरवर्षी विचारतात. प्रत्येक पायरीला. तू इथे स्वतःच्या मर्जीने आला आहेस का?’

‘मग?’

‘दरवर्षी मी हो म्हटलं.’

‘खरं होतं ते?’

त्याने दगड फिरवून शीर शोधली. ‘आई, तुला खरं सांगू? आठवत नाही. इतक्या वेळा हो म्हटलंय की आधी काय होतं ते आठवत नाही. गॅरेजमध्ये जायचं होतं हेसुद्धा आता तू म्हणालीस म्हणून आठवलं.’ त्याने हातोडा मारला. दगड बरोबर दोन झाला. ‘तुला राग नाही येत माझा?’ त्याने विचारलं.

हा प्रश्न तिने विचारायचा होता. तोच विचारून बसला. तेवढ्यात बायका परत आल्या.

थोरलीने मग वहीच्या पानावर पत्र लिहिलं, आई सांगत गेली तसं. मुलाला परत घ्या असं मी म्हणत नाही. तुम्ही मोठी माणसं आहात, तुमच्या घरात कोणाला ठेवायचं ते तुम्ही बघा. मी फक्त एवढं विचारते, मी जे बोलले त्यामुळे झालं का. हो असेल तर हो लिहा. नाही असेल तर नाही लिहा. अंगठ्याचं नख वाकडं असल्याने तिला पेन नीट धरता आला नाही, सही वेडीवाकडी झाली. थोरली म्हणाली, राहू दे, कळेल त्यांना. रजिस्टर केलं. पोचपावती आली. त्यावर तुमच्या ऑफिसातल्या कोणाचा तरी शिक्का होता. त्यापुढे काही आलं नाही. आठवडे गेले, महिने गेले.

धाकट्याचे हात आता घट्ट झाले आहेत. बापाने त्याला भट्टी रचायला वर घेतलं आहे. तो वाऱ्याची वाट बरोबर ठेवतो असं बाप म्हणतो, आणि म्हणताना त्याला आनंद होत नाही. रविवारी तिघं शेवटच्या बाकावर बसतात, धाकटा येत नाही. लायनीत त्याला अजून ‘फादर’ म्हणतात, आता पुन्हा चेष्टेनं. आणि आई बोलत नाही. पूर्वी एक विचारलं तर दहा सांगायची. आता भट्टीवर कोणी विचारलं, पाटी भरली का, तरी आधी थबकते, समोरच्याच्या हातात कागद-पेन आहे का बघते, आणि म्हणते, मला काय ठाऊक. परवा थोरलीने विचारलं, आई, भूक लागली आहे का? तेव्हाही तेच म्हणाली.

प्रत्येक पायरीला त्या मुलाला तुम्ही प्रश्न विचारलेत. त्याने प्रत्येकाचं उत्तर दिलं. त्याच्या बापाने, बहिणीने न विचारता दिलं. आईने तर खुर्ची पुसून, चहा करून दिलं. आता तुम्हाला एकच प्रश्न आहे, आणि तो तुम्ही विचारत होतात त्यांपेक्षा सोपा आहे. त्याला मोठी अक्कल लागत नाही, प्रार्थना लागत नाही, शिक्काही लागत नाही. तिच्या बोलण्यामुळे त्याला काढलंत का? हो की नाही?